नेपाळचा इतिहास मूळ कागदांतून वाचायचाय? मग कागद पालथा करूनही बघा

प्रश्न थोडक्यात असा: काठमांडू आणि गोरखा बघून आलो, नंतर नेपाळवरची चार-पाच इंग्रजी पुस्तकं वाचली, सगळ्यांत तेच तेच सापडतं, आता मूळ साधनं वाचून स्वतः काहीतरी शोधायचंय. नेवारी येत नाही, संस्कृत शाळेपुरतं, नोकरी पुण्यात. तर आधी कुठली भाषा शिकू आणि इथे बसून हे जमेल का?

खरं सांगू का, भाषा ही तुमची पहिली अडचण नाहीये. "नेपाळचा इतिहास" असा काही एक विषय नसतो, ही पहिली अडचण. तुम्ही लिच्छवी काळ घेतलात तर साधनं म्हणजे दगडावरचे संस्कृत लेख, चांगुनारायणच्या मंदिरातला मानदेवाचा इ. स. ४६४ चा स्तंभलेख वगैरे, आणि लिपी गुप्तकाळातली. मल्ल काळ घेतलात तर नेवारी आणि संस्कृत, ताडपत्रावरची जमिनीची खरेदीखतं, थ्यासफू म्हणजे घडीच्या वह्या, आणि चौदाव्या शतकाच्या शेवटी लिहिलेली गोपालराजवंशावली. तिथे भुजिमोल, रंजना, प्रचलित अशा लिप्यांशी झगडायला लागतं. शहा आणि राणांचा काळ घेतलात तर कागद, शाई, जुनी नेपाळी आणि लिपी चक्क देवनागरी. म्हणजे काळ ठरल्याशिवाय भाषा ठरत नाही, आणि काळ ठरवायचा तर हातात एक छोटा प्रश्न पाहिजे.

तुमच्या परिस्थितीत (नोकरी, पुणे, संध्याकाळचे दोन तास) मी डोळे झाकून शहा काळ सांगेन, साधारण पृथ्वीनारायण शहाने १७६८-६९ मध्ये काठमांडू खोरं घेतलं तिथपासून १८४६ च्या कोतपर्वापर्यंत (दरबारातलं हत्याकांड), म्हणजे जंगबहादुर राणाने सत्ता घेतली तिथपर्यंत. संस्कृत पक्कं असेल, एखादा गुरू हाताशी असेल तर वेगळं सांगितलं असतं.

माझं स्वतःचं सांगतो. मी मूळचा मोडीवाला, पेशवे दफ्तरात धूळ खाल्लेला. नानासाहेब पेशवे १८५९ मध्ये नेपाळच्या तराईत शिरले, पुढे काय झालं याचा माग काढायला म्हणून पहिल्यांदा काठमांडूला गेलो. नाना राहिले बाजूला, मी तिथल्या जमिनीच्या कागदांत अडकलो तो आजपर्यंत. कारण पहिलंच लालमोहर, म्हणजे राजाच्या लाल शिक्क्याचा हुकूम, समोर आलं आणि वाटलं, अरे हे तर ओळखीचं आहे. शब्द सुटे नाहीत, एकाला एक चिकटलेले, फारसीतून आलेले दप्तरी शब्द, शेवटी तिथी आणि मुक्काम. मोडी वाचणाऱ्याला हा सगळा थाट घरचा वाटतो. मोडी येत नसेल तरी हरकत नाही, अक्षर देवनागरीच आहे, दोनेक महिन्यांत डोळा बसतो. आधी एखादं आजच्या नेपाळीचं साधं व्याकरण आणि रोज अर्धा तास नेपाळी बातम्या एवढं करा, मग जुन्या कागदांत 'गर्ने'च्या जागी 'गर्न्या', 'एक'च्या जागी 'येक', 'व' आणि 'ब' ची सरमिसळ हे सगळं हळूहळू पचतं.

पण ओळखीचं वाटतं ना, तिथेच माणूस फसतो. मराठी माणसाला नेपाळी कागदात परक्या शब्दांपेक्षा ओळखीच्या शब्दांनी जास्त दगा दिलाय. 'खेत' म्हणजे कुठलंही शेत नाही, पाण्याखालची भाताची जमीन. कोरडवाहू ती पाखो. 'मुरी' हे धान्याचं माप आहे आणि जमिनीचंसुद्धा: १०० मुरी जमीन म्हणजे एक खेत, ४ मुरीची एक रोपनी. मी एकदा ८० मुरीचा अख्खा हिशोब धान्य समजून केला होता, आकडे सुंदर जुळले होते, सगळे चुकीचे. 'जागिर' म्हणजे पगाराऐवजी नोकरी आहे तोवर दिलेली जमीन, म्हणून आजच्या नेपाळीत जागिर म्हणजे सरळ नोकरी. वंशपरंपरेची, करमाफ जमीन हवी असेल तर 'बिर्ता' शोधायचं, देवस्थानाची असेल तर 'गुठी'. 'मुगलान' म्हणजे मुघलांचं राज्य नव्हे, खालचा सगळा हिंदुस्थान. आणि सगळ्यात मोठा धक्का म्हणजे 'नेपाल' हा शब्दच. त्या काळच्या कागदात नेपाल म्हणजे बहुतेक वेळा नुसतं काठमांडूचं खोरं. "नेपालमा पठाउनु" असं वाचून तुम्ही त्याचा अर्थ "देशात पाठवा" असा लावलात की संपलं. म्हणून स्वतःची शब्दवही करा, प्रत्येक शब्दापुढे कुठल्या सालच्या कागदात कुठल्या अर्थाने आला ते लिहा. कंटाळवाणं आहे पण यापेक्षा जास्त उपयोगाचं दुसरं काही मी केलेलं नाही.

आता कागद कसा वाचायचा. नवीन माणूस थेट मजकुरावर उडी मारतो, जमीन किती, कुणाला, कधी. मी उलटं सांगतो, आधी कागदाचा सांगाडा बघा. वर देवाचं नाव, लाल शिक्का, मग 'स्वस्ति श्रीगिरिराजचक्रचूडामणि' करत राजाची लांबलचक बिरुदावली, मग कुणाला लिहिलंय तो, मग 'आगे' हा शब्द. 'आगे'च्या पुढे खरं काम सुरू होतं. बिरुदावली नसेल किंवा तोकडी असेल तर तो बहुधा लालमोहर नसून रुक्का, म्हणजे जरा कमी थाटाचा हुकूम. खालून वर गेलेला कागद असेल तर अर्जी. मध्येच ओळीत मोकळी जागा दिसली तर शाई उडाली असं समजू नका, राजाचं किंवा देवाचं नाव मजकुरात न लिहिता मान म्हणून वरच्या समासात लिहितात आणि त्याची जागा खाली रिकामी सोडतात. वरचं नाव उचलून त्या जागेत ठेवलं की वाक्य पूर्ण होतं.

आणि मग कागद उलटा करायचा. हे मी पहिल्या खेपेला केलं नाही. साठेक कागदांचे फोटो काढून खुशीत घरी आलो, सगळे पुढच्या बाजूचे, मागे काय असणार म्हणून. मागे 'मार्फत' असतं, म्हणजे हा हुकूम कुणाकरवी निघाला त्या भारदाराचं, म्हणजे दरबारातल्या सरदाराचं नाव! गीर्वाणयुद्ध शहा १७९९ मध्ये गादीवर बसला तेव्हा तो जेमतेम दीड वर्षाचा होता. त्याच्या नावाने निघालेल्या हुकमांच्या पुढच्या बाजूला गिरिराजचक्रचूडामणी आणि मागे मार्फत भीमसेन थापा. भीमसेन १८०६ पासून १८३७ पर्यंत मुख्तियार, म्हणजे मुख्य कारभारी होता, राज्य कोण चालवतंय हे कागदाच्या पाठीवर लिहिलेलं आहे आणि मी ते काठमांडूलाच ठेवून आलो होतो. परत जायला तीन वर्षं लागली.

तारखांचं जरा सविस्तर लिहितो, कारण इथे मराठी माणसाचा एक खास घोळ होतो जो मी इंग्रजी पुस्तकात कधी वाचलेला नाही. समजा तारीख आहे 'सम्वत् १८६२ साल मिति फाल्गुण वदि ७'. तुम्ही म्हणाल विक्रम संवत, ५७ वजा करा, १८०५. चूक. वर्ष चैत्रात सुरू होतं, फाल्गुन त्याच्या शेवटी येतो, तोवर इंग्रजी साल बदललेलं असतं, म्हणून ५६ वजा करायचे, १८०६. दुसरं, तिथला महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. म्हणजे सुदि पक्षात दोघांचं जमतं पण वदि पक्षात त्यांचा महिना आपल्यापेक्षा एक पुढे असतो. महाशिवरात्र आपली माघ वद्य चतुर्दशीला, त्यांची फाल्गुन वदि चतुर्दशीला, दिवस एकच. तर वरची तारीख आपल्या हिशोबाने माघ वद्य ७, शके १७२७ (विक्रममधून १३५ गेले की शके), आता आपली नेहमीची जंत्री काढा, फेब्रुवारी १८०६ मिळेल. घरचा फाल्गुन धरून बघितलंत तर महिनाभर पुढे मार्चात जाल. महिन्याने काय होतंय असं वाटेल, पण माजी राजा रणबहादुर शहाचा खून २५ एप्रिल १८०६ चा आहे, त्या काही महिन्यांत दरबारात कागद आधीचा की नंतरचा यावर सगळा अर्थ फिरतो.

पडताळायची सोय कागदातच असते. तिथीनंतर 'रोज ४' असं काहीतरी लिहिलेलं असतं, तो वार, रविवार १ धरून, म्हणजे ४ म्हणजे बुधवार. तुमची काढलेली तारीख आणि वार जुळला तर ठीक, एका दिवसाचा फरक तिथीमुळे पडू शकतो, पण तीन-चार दिवसांचा पडला तर तुमचं वाचन चुकलंय, नाहीतर रूपांतर, नाहीतर (कमी वेळा, पण होतं) कागदच बनावट आहे. तारखेत 'वदि-सुदि' ऐवजी 'गते' दिसलं तर ती सौर तारीख, मग वरचा हिशोब लावायचा नाही. आणि मल्ल काळातलं नेपाल संवत असेल तर ते ऑक्टोबर ८७९ पासून मोजतात, वर्ष सुरू होतं कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, आपल्या दिवाळीच्या पाडव्याला.

नेपाळमध्ये हे तारखांचं शास्त्र फार गंभीरपणे घेतलं ते नयराज पंत आणि त्यांच्या संशोधन मंडळाने. १९५२ मध्ये सुरू झालेलं, 'पूर्णिमा' हे त्यांचं नियतकालिक. विद्यार्थ्यांना संस्कृतबरोबर गणित-ज्योतिष शिकवायचे, आणि दुसऱ्याने छापलेल्या लेखातली एक मात्रा चुकली तरी पत्रक काढून झोडायचे. आपल्याकडे राजवाडे आणि भारत इतिहास संशोधक मंडळाची परंपरा ज्यांना माहितीय त्यांना हा स्वभाव लगेच ओळखू येईल. त्यांचे वाद वाचा, निकालापेक्षा पद्धत शिकायला. धनवज्र वज्राचार्यांचं 'लिच्छविकालका अभिलेख' आणि योगी नरहरिनाथांनी गोळा करून छापलेली पत्रं हेही हाताशी असू द्या.

पुण्यात बसून किती होईल? सुरुवातीची दोन वर्षं आरामात. तीन जागा सांगतो. एक, हायडेलबर्गच्या अकादमीचं 'डॉक्युमेंटा नेपालिका'. इथे मूळ कागदाचा फोटो, त्याचं वाचन आणि इंग्रजी भाषांतर एकत्र मिळतं, फुकट. यामागे नेपाळ-जर्मन हस्तलिखित प्रकल्प आहे, १९७० पासून त्यांनी एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास हस्तलिखितांची मायक्रोफिल्म केली. सराव असा करा: वाचन-भाषांतर झाकून ठेवायचं, फोटोवरून स्वतः उतरवायचं, मग ताडून बघायचं. पहिल्या दहा कागदांत लाज वाटेल. पंचविसाव्याला वाटणार नाही.

दुसरी जागा म्हणजे महेशचंद्र रेग्मी. या एका माणसाने स्वतःची खाजगी संस्था काढून जमीन, कर, वेठ यांचे हजारो कागद नकलून घेतले आणि १९६९ ते १९८९ इंग्रजीत मासिक काढून त्यांची भाषांतरं छापली. १९७७ ला मॅगसेसे मिळालं ते उगीच नाही. 'डिजिटल हिमालय'वर सगळे अंक आहेत, 'प्राचीन नेपाल' या नियतकालिकाचेही आहेत. विषय शोधायला यासारखी खाण नाही, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. बरीच भाषांतरं संक्षिप्त आहेत, बिरुदावली, मार्फत, कधी मधला मजकूरही गाळलेला. आणि निवड रेग्मींची आहे, त्यांना जमीन-महसुलात रस होता म्हणून तिथे जमीन-महसूल जास्त दिसतो. त्यावरून तेव्हाचे लोक दुसरं काही करतच नव्हते असा निष्कर्ष काढू नका (हसू नका, लोक काढतात).

तिसरी, आपल्याच दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार. 'अभिलेख पटल' पोर्टलवर कंपनीच्या फॉरेन डिपार्टमेंटची नेपाळसंबंधीची बरीच पत्रं घरबसल्या बघता येतात. सुगौलीच्या तहानंतर १८१६ पासून काठमांडूत रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा वकील बसला, त्यातला हॉजसन तर संग्रहवेडा होता. इंग्रजी असल्यामुळे ही सोपी वाटतात आणि म्हणून सगळे इथेच राहतात, तुमच्या चार पुस्तकांत तेच तेच येतं त्याचं कारणही हेच. रेसिडेंटला खोऱ्याबाहेर मोकळं फिरायची मुभा नव्हती, त्याला दिसायचा तो दरबार आणि कानावर यायच्या त्या दरबारच्या कंड्या. पूर्वेकडच्या डोंगरातला लिंबू जमातीचा माणूस आपल्या किपट (म्हणजे जमातीच्या सामाईक) जमिनीसाठी काय भांडतोय हे त्याच्या पत्रात फारसं सापडणार नाही.

एकाच गोष्टीवर वेगवेगळी साधनं कशी लावायची याचं उदाहरण म्हणून कीर्तिपूरचं घ्या. खोऱ्यातलं हे गाव जिंकल्यावर पृथ्वीनारायणाच्या माणसांनी तिथल्या लोकांची नाकं कापली ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. कॅपुचिन पाद्री ज्युसेप्पे तेव्हा खोऱ्यातच होता, त्याने लिहिलंय. पण त्याच्या पंथाला मल्ल राजांचा आश्रय होता आणि गोरखाली आल्यावर त्यांना बाहेर पडावं लागलं, तेव्हा त्याचा राग धरून वाचायचं. कंपनीचा वकील कर्कपॅट्रिक १७९३ मध्ये गेला, त्याला सामान वाहणाऱ्या हमालांत नाक नसलेली माणसं दिसली. हा वेगळा आणि फार मोलाचा पुरावा, कारण तो ही गोष्ट सिद्ध करायला गेलाच नव्हता. आणि वंशावळी, जिचं भाषांतर राइटने १८७७ मध्ये छापलं, ती म्हणते नाकांचं वजन १७ धार्नी (हे तिथलं वजनाचं माप) भरलं. आता हे १७ धार्नी म्हणजे काय आकडेवारी? मी तसं वाचत नाही. नाकं कापली गेली हे पहिल्या दोघांवरून मान्य करतो, वजनाचा आकडा हा शंभर वर्षांनी खोऱ्यातल्या लोकांनी ती जखम कशी लक्षात ठेवली होती त्याचा पुरावा म्हणून ठेवतो. आपण बखर वाचतो तसंच. बखर टाकून द्यायची नसते, तिला कुठला प्रश्न विचारायचा ते ठरवायचं असतं.

आता शेवटचा मुद्दा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. प्रत्येक कागदाला विचारा, हा कुणी जपून ठेवला आणि का. संवत १८६२ मध्ये बिर्ता आणि गुठीच्या जमिनींची मोठी जप्ती झाली, नेपाळीत त्याला 'बयसठ्ठी हरण' म्हणतात. ज्याच्याकडे पुरावा नाही त्याची जमीन गेली. मग पुढच्या पिढ्यांनी घरातला लालमोहर देवाच्या पेटीत ठेवला यात नवल काय, आणि त्या सालाच्या आधीची तारीख घालून खोटा कागद करायलाही याहून चांगलं कारण मिळणार नाही. म्हणजे आज तुमच्या हातात येणारा कागद हा बहुतेक वेळा दावा जिंकलेल्याचा कागद असतो. ज्याची जमीन गेली त्याच्याकडे जपायला काही उरलंच नाही. त्यात भर म्हणून १९७३ च्या आगीत सिंहदरबारचा, म्हणजे सरकारी कचेऱ्यांच्या वाड्याचा, मोठा भाग जळला. त्यामुळे "याबद्दल कागद मिळत नाहीत" आणि "असं घडलं नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, माझ्यासकट सगळ्यांनी कधी ना कधी ती एकत्र केलीयेत.

काठमांडूला जायची घाई करू नका. साधारण पन्नास कागद स्वतः वाचून झाले, एक प्रश्न पक्का झाला, समजा अमुक एका गुठीच्या जमिनीचं संवत १८६२ च्या आधी आणि नंतर काय झालं, की मग जा. रामशाहपथावरचं राष्ट्रीय अभिलेखालय, पाटणचं मदन पुरस्कार पुस्तकालय, नेवारीकडे वळलात तर आशा सफू कुथी. व्हिसा लागत नाही पण एखाद्या संस्थेचं पत्र जवळ असू द्या, आणि परवानगी-फोटोचे नियम बदलत असतात, आधी विचारून घ्या. गुठीचे पुजारी किंवा जुनी घराणी यांच्याकडे गेलात तर पहिल्या भेटीत कागद मागू नका. चहा घ्या, परत जा. बऱ्याच घरांत त्या जमिनीवरून आजही कोर्टात केस चालू असते आणि तुम्ही कुठल्या बाजूने आलात हे त्यांना कळलेलं नसतं. मला एका घरात तिसऱ्या भेटीत पत्र्याची ट्रंक उघडून दाखवली, फोटो काढू दिला नाही, म्हणून तिथेच बसून हाताने उतरवून घेतलं, पुढून आणि मागून.